बानूबाईचा सरवा

सोयाबीनच्या फुलाला फूल म्हणावं का, असा मला पहिली दोन वर्षं प्रश्नच पडला होता. पानाच्या बगलेत लपलेलं, तांदळाच्या दाण्याएवढं, वास नाही की तोरा नाही. बरं, ते उमलायच्या आधीच आतल्या आत त्याचं लग्न लागून गेलेलं असतं. वारा नको, मधमाशी नको, वऱ्हाडी नकोत. अशा घरकोंबड्या पिकाची दुसऱ्या वाणाशी सोयरीक जुळवायची आणि त्यातून नवा वाण काढायचा, हा आमच्या संशोधन केंद्राचा उद्योग. त्यासाठी श्रावणातल्या सकाळी चिखलात वाकायचं, उमलायच्या बेतात असलेली कळी ओळखायची, बारीक चिमट्यानं तिच्या पाकळ्या आणि आतला नर भाग काढून टाकायचा आणि दुसऱ्या वाणाच्या फुलातले पराग त्या उघड्या पडलेल्या टोकाला टेकवायचे. एवढं करून शंभरातल्या दहा कळ्यांनी शेंग धरली तर नशीब. पहिल्या वर्षी माझ्या हातून एक धरली. तीही आमच्या तेव्हाच्या साहेबांच्या मते माझ्या हाताची नव्हतीच, तिची तिनंच धरली होती.

बानूबाईच्या हातून शंभरात तीस धरत.

मी राम. गाव कोऱ्हाळे बुद्रुक. केंद्रावर शेती सहायक आहे, म्हणजे वही माझी आणि उन्हात वाकणं बायांचं. आमच्या घरात ऊस हेच पीक, बाकीचं सगळं गवत. मी सोयाबीनच्या केंद्रावर लागलो तेव्हा आमच्या आबांनी पारावर सांगितलं, "पोरगं कोंबड्यांच्या खाद्यावर नोकरीला लागलंय." मीही त्याच तोऱ्यात आलो होतो. शेतकऱ्याचा मुलगा, त्यात शेतीची पदविका. मला कोण शिकवणार? चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. त्यानंतर मला शिकवलं ते बानूबाईनं, आणि तिला तर सहीसुद्धा येत नाही.

तिचं माहेर इंदापूर तालुक्यात, बावड्याच्या बाजूला. बापाकडे दोनशे मेंढरं. दसरा उरकला की कळप घेऊन पश्चिमेला निघायचं आणि पाऊस लागला की परतायचं, असं तिचं लहानपण चालत चालत गेलं. संध्याकाळी मेंढरं वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, घेताना तिचा बाप कधी मोजत नसे. "मोजल्यानं कळपाला दृष्ट लागती," असं म्हणायचा. तो तोंडं बघायचा. दोनशेतलं एक कमी असलं तर कुठलं कमी आहे ते त्याला आधी कळायचं, कमी आहे हे मागून. बानूबाईलाही नवव्या-दहाव्या वर्षी हे येऊ लागलं होतं. लग्न होऊन ती आमच्या केंद्राजवळच्या वस्तीवर आली तेव्हा सासरच्यांनी मेंढरं विकून टाकली होती आणि कालव्याच्या टोकाला दोन एकर करत होते. पुढे नवरा गेला. मुलगा सूरज मोठा होऊन माळेगावच्या कारखान्याला ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर लागला. बानूबाई त्याच्या कितीतरी आधी, खुरपणीच्या रोजावर, केंद्राच्या फाटकातून आत आली होती. आज तिला अठ्ठावन्न वर्षं होत आली आहेत.

मेंढरांची नजर तिनं झाडांना लावली. आमच्याकडे प्रत्येक वाणाच्या वाफ्याला आकड्याची पाटी असते. तिला आकड्यांशी देणंघेणं नाही. तिनं प्रत्येकाला नाव ठेवलं. उंच वाढून लोळणारी ती 'उंडगी'. पानांवर दाट लव असणारी 'केसाळी'. फांद्या न फुटता सरळसोट राहणारी 'भुंडी'. एका वर्षी ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि साठातल्या पस्तीस पाट्या वाहून गेल्या. मी कपाळाला हात लावून बसलो. बानूबाई वाफ्यावाफ्यातून चालत गेली आणि ही कोण, ती कोण, सांगत गेली. राजेश्वरीमॅडमनी, म्हणजे आमच्या पैदासकार शास्त्रज्ञ, त्यांनी फुलांचा रंग, लवेचा रंग, पानाची ठेवण पाहून प्रत्येक वाफा पडताळला. एकही चुकला नव्हता. त्या दिवसापासून मॅडम तिला मावशी म्हणायला लागल्या आणि मी जरा खालच्या आवाजात बोलायला लागलो.

आता लेकुरवाळीचं सांगतो, कारण सगळं तिच्यापाशीच येऊन ठेपतं.

दहा वर्षांपूर्वीच्या श्रावणात मॅडमनी एक संकर ठरवला. आई पांढऱ्या फुलाची, काटक, पाणी कमी पडलं तरी तग धरणारी, पण शेंगांना हात आखडता. बाप जांभळ्या फुलाचा, शेंगांनी लगडणारा, पण जरा ताण बसला की मान टाकणारा. आईच्या कळ्यांवर बापाचे पराग बानूबाईनं टेकवले. चौदा शेंगा धरल्या. पुढच्या पावसाळ्यात त्यांचं बी पेरलं आणि रोपांचे देठ बुडाशी जांभळे निघाले. म्हणजे बापाचं रक्त आलं होतं, संकर खरा होता. मग वर्षामागून वर्षं तेच काम. हजारो झाडांतून शंभर निवडायची, शंभरातून दहा, दर वर्षी पेरायची, दर वर्षी टाकायची. लोकांना वाटतं वाण पिशवीतून निघतो. वाण निघतो तो टाकून टाकून. आम्ही नऊ वर्षांत जेवढी झाडं टाकली तेवढ्यांत एखाद्या गावाचं खळं भरलं असतं.

तिसऱ्या वर्षी एक झाड मी वहीत 'मध्यम' लिहून पुढे गेलो होतो. बानूबाई थांबली आणि तिनं आपल्या पदराच्या काठाचा लाल दोरा काढून त्या झाडाला बांधला.

"ही लेकुरवाळी हाय, रामभाऊ. हिला टाकू नगासा."

शेंगा मोजल्या तर शेजारच्या झाडांच्या दीडपट, आणि बहुतेक शेंगा तीनदाणी. मॅडमनी ते झाड ठेवलं. त्याचा वंश वाढत वाढत चाचणीच्या वाफ्यांत आला. सरकारी दप्तरात त्याचा क्रमांक एकतीस, पण केंद्रावर शिपायापासून मॅडमपर्यंत सगळे त्याला लेकुरवाळीच म्हणत. ताण पडलेल्या वर्षी तिनं मान टाकली नाही. मोझॅक रोगानं शेजारचे वाफे पिवळे पडले तेव्हा ही हिरवीच होती. बानूबाई जाता-येता तिच्या वाफ्याशी दोन मिनिटं थांबत असे. आम्ही चेष्टा करायचो, "नातीकडं जाऊन आला का?" ती म्हणायची, "व्हय, तुमाला का दुखतंय?"

गेल्याच्या गेल्या साली ती मोठी परीक्षेची चाचणी होती. वीस वाण, प्रत्येक वाण तीन ठिकाणी, असे साठ वाफे. त्यात जो वर येईल तो राज्यभरातल्या चाचण्यांना जाणार आणि तिथं टिकला तर शेतकऱ्यांच्या हाती. ऐन काढणीच्या आठवड्यात मॅडमना प्रशिक्षणासाठी परराज्यात जावं लागलं. त्या गेल्या आणि पाऊस लागला. शेतात पाय घालता येईना. पाऊस थांबला तर बाया आपापल्या काढणीला गुंतलेल्या. पीक पिकून बारा दिवस तसंच उभं राहिलं. वरून आश्विनाचं ऊन तापलं. सोयाबीनला हे सोसत नाही. ओली झालेली शेंग कडक उन्हात वाळली की तडकते, पीळ खाऊन उघडते आणि दाणे लांब फेकते. आदली दोन वर्षं काढणीच्या वेळी हवा दमट होती, त्यामुळे कुणाच्या शेंगा तडकतात आणि कुणाच्या नाहीत, हे आमच्या कुणाच्या ध्यानात आलेलं नव्हतं.

काढणी सुरू झाली. मी लिंबाखाली खुर्ची टाकून वही घेऊन बसलो, आणि उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते तिथून नीट दिसत होतं. बाया कापत होत्या, पेंढ्या बांधत होत्या, चिठ्ठ्या अडकवत होत्या. बानूबाई सगळ्यांच्या मागून येत होती. वाफा कापून झाला की ती खाली बसायची आणि मातीत पडलेला एक एक दाणा वेचायची.

ह्याला आमच्याकडे सरवा म्हणतात. काढणीनंतर शेतात पडलेलं धान्य वेचून घ्यायचं, मातीत राहू द्यायचं नाही. गरिबाला तो आधार, आणि ज्याला गरज नाही तोही वेचतो, कारण दाणा पायाखाली तुडवणं पाप. एरवी सरवा वेचणारीचा असतो. पण केंद्राचं धान्य घरी न्यायचं नाही हा नियम, आणि बानूबाई नियमाची पक्की. तिनं त्यावर आपला न्याय काढला. ज्या वाफ्यात सांडलं त्याच वाफ्याच्या पोत्यात घातलं. उंडगीचं उंडगीला, केसाळीचं केसाळीला. साठ वाफे, आणि एकाचा दाणा दुसऱ्याच्या पोत्यात गेला नाही.

मी हे पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, शाबासकी दिली. "बानूबाई, तुमच्यासारखी चार माणसं असती ना, तर केंद्राचं सोनं झालं असतं," असं म्हणाल्याचं मला चांगलं आठवतंय.

मळणी झाली, वजनं झाली. लेकुरवाळी सगळ्यांच्या वर होती, आणि थोडीथोडकी नाही, दोन नंबरच्या वाणापेक्षा सव्वापट. मॅडम परत आल्या, वही पाहिली आणि चष्मा काढून पुन्हा घातला. "पिकून बारा दिवस उभी राहिली आणि तरीही एवढं उत्पन्न? रामभाऊ, ही तडकत नाही!" त्यांचा आनंद पाहून मीही हसलो. माझ्या डोक्यात काही म्हणता काही आलं नाही. हा गाढवपणा मी पुढे कितीदा तरी स्वतःला ऐकवला आहे.

संक्रांतीनंतर केंद्रावर शेतकरी मेळावा झाला. मांडव, पुरीभाजी, आणि बारामती-इंदापूरकडची दीडएकशे माणसं. बानूबाईचा थोरला भाऊ तात्याबा बावड्याहून एसटीनं आला होता. मेंढरं केव्हाच गेली. आता तोही चार एकरांत सोयाबीन आणि थोडा ऊस करतो. मॅडमनी भाषणात लेकुरवाळीचा क्रमांक सांगितला आणि म्हणाल्या, "काढणीला मजूर मिळत नाहीत, मळणीयंत्र वेळेवर येत नाही, ही तुमची अडचण मला माहीत आहे. हा वाण पिकल्यावर बारा दिवस उभा राहिला आणि तरी सगळ्यांत जास्त उतरला. राज्याच्या चाचण्यांत टिकला तर तुम्ही निर्धास्त पेरा."

तात्याबा उभा राहिला. "मॅडम, गेल्या साली मशिन आठ दिस उशिरा आलं. माज्या रानात इतकं सांडलं की पुन्ना पेरल्यागत उगवून आलं. घरात आलं त्ये निम्मंच. आमाला ह्योच वान पायजे." मग तो बायांच्या बाजूला वळून म्हणाला, "आन् माज्या बहिनीनं केलाय म्हनल्यावर तर इचारायलाच नगं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बानूबाईकडे पाहिलं. तिला आनंद झाला असेल, डोळे भरले असतील, असं मला वाटलं होतं. तिचा चेहरा मात्र उतरला होता. पुढ्यातली पुरीभाजी तिनं शिवली नाही. भाऊ बोलायला आला तेव्हा दोन शब्द बोलली आणि त्याला एसटीला लावून आली.

दुपारी मांडव उतरवत होते. ऑफिसात मॅडम टेबलाशी बसून राज्याच्या चाचण्यांना वाण पाठवायचा अर्ज भरत होत्या आणि मी वहीतले आकडे वाचून दाखवत होतो. बानूबाई दारात आली. चपला बाहेर काढून आत आली, एरवी ती काढत नसे.

"मॅडम, त्यो कागद लिवू नका."

"का हो मावशी? तुमच्याच लेकुरवाळीचा आहे."

"तिचा हाय म्हनूनच सांगती. ती सांडती."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. बानूबाई उभ्या उभ्याच सांगत गेली. काढणीला मातीत दाणे पडले होते, तिनं ते वेचले, ज्याचे त्याच्या पोत्यात घातले. सगळ्या वाफ्यांचे. "मला काय ठावं, तुमी सांडल्यालं बगनार हायसा म्हनून? मला वाटलं वजन बगनार. वजनात खोट नगं म्हनून म्या दाना दाना उचलला. आज तुमी बोलला तवा डोसक्यात उजेड पडला. दादाच्या रानात सरवा येचायला म्या थोडीच जानार हाय?"

मग मॅडमनी विचारलं, "काढणीला तिथं कोण होतं? हे कुणी पाहिलं नाही?"

बानूबाई माझ्याकडे न बघता म्हणाली, "न्हाय. मीच हुते मागं."

गप्प बसलो असतो तर ते तिथंच मिटलं असतं. पण ती इतक्या वर्षांची मेहनत स्वतःच्या तोंडानं बुडवायला उभी होती, आणि माझी तर नुसती बोलणी वाचणार होती. मी म्हणालो, "मी पाहिलं होतं, मॅडम. शाबासकीपण मीच दिली." मॅडम जे बोलल्या ते इथं लिहीत नाही. त्यातला शब्दन् शब्द बरोबर होता.

राग ओसरल्यावर त्यांनी डोकं धरलं. "एका वाणाचं नाही हो, वीसच्या वीस वाणांचं वर्ष गेलं. कुणाचं किती सांडलं ते आता कळणार कसं?"

"मला ठावं हाय की," बानूबाई म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"कुनाचं किती सांडलं त्ये. ह्याच हातानं उचललं न्हवं?"

आणि ती खाली मांडी घालून बसली. डोळे मिटले. पहिल्या वाफ्यापासून चालायला लागली. "कडेची उंडगी, दोन ओंजळी. तिच्या शेजारची केसाळी, एक पसा. मग भुंडी. भुंडीचं काय न्हाय, पाच-सात दाने. मग ती पिवळ्या देठाची, दीड ओंजळ..." मॅडमनी कोरा कागद ओढला आणि लिहायला लागल्या. मी खिडकीतून शेताकडे बघत मनातल्या मनात वाफे मोजत होतो. तीन महिने उलटून गेले होते. तिथं आता हरभरा उभा होता. ती मात्र एकही वाफा सोडत नव्हती. सांडलेले दाणे तिनं मोजले नव्हतेच. तिनं ती तोंडं पाहिली होती.

सगळे झाले. तीन वाफे राहिले. बानूबाईनं डोळे उघडले.

"लेकुरवाळीचं चार ओंजळी. तिन्ही ठिकानी. समद्यांत ज्यास्त."

मॅडम उठल्या, कोठीत गेल्या आणि दोन पोती उघडली, एक भुंडीचं आणि एक लेकुरवाळीचं. पांढऱ्या ताटात ओंजळभर दाणे पसरून त्या खिडकीच्या उजेडात बसल्या. ओल्या मातीत पडून राहिलेल्या दाण्यावर तांबूस डाग राहतो, तो पुसून जात नाही. भुंडीचं ताट स्वच्छ होतं. लेकुरवाळीच्या ताटात दर चौथ्या-पाचव्या दाण्यावर डाग होता. आधीही तो दिसलाच होता, पण खळ्यावरची माती लागली असेल असं आम्ही धरून चाललो होतो. पुढचे तीन दिवस आम्ही तिघांनी साठही पोत्यांतले नमुने निवडले. बानूबाईच्या ओंजळी आणि पोत्यातले डाग, दोन्हींची संगती लागली.

"हे मला कागदावर नाही घालता येणार, मावशी," मॅडम म्हणाल्या. "तुमची ओंजळ कुठल्या रकान्यात लिहू? पुढच्या पावसाळ्यात परत लावू. मुद्दाम पंधरा दिवस उभं ठेवू. आणि पडलेला दाणा कुणी उचलायचा नाही."

अर्ज खणात गेला. मला आत कुठंतरी आशा होती की पुन्हा होणाऱ्या चाचणीत लेकुरवाळी वाचेल. बानूबाईला होती का, ते मी विचारलं नाही.

गेल्या साली ते वाफे पुन्हा उभे राहिले. लेकुरवाळी नेहमीसारखीच लगडली. तिच्याकडे पाहून कुणीही म्हणालं असतं, हीच. पीक पिकलं, आणि काढायचं नाही असं ठरवून आम्ही थांबलो. दिवसाआड, ऊन तापलं की बानूबाई प्रत्येक वाफ्यातली दहा-दहा झाडं बघायची आणि किती शेंगा उघडल्या ते सांगायची. मी लिहायचो. ह्या वेळी खुर्ची नव्हती. चालताना ती चपला हातात घ्यायची आणि बोटं उचलून पाऊल टाकायची, दाणा तुडवला जाऊ नये म्हणून. आठव्या दिवशी लेकुरवाळीच्या बुडाशी माती पिवळी दिसायला लागली. शेजारी भुंडी उभी होती, शेंगा गच्च मिटून.

बाराव्या दिवशी तात्याबा आला. मेळाव्यातलं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. राज्याच्या चाचण्या वगैरे त्याला काही माहीत नव्हतं, बहिणीनं केलेला वाण बहिणीकडून न्यायचा, एवढं सरळ गणित. येताना रिकामं पोतं घडी करून काखेत मारून आणलं होतं. बानूबाई त्याला लेकुरवाळीच्या वाफ्यापाशी घेऊन गेली.

"हितं उबा ऱ्हा जरा," ती म्हणाली.

ऊन चढलं होतं. दोन मिनिटं काही नाही. मग एक शेंग तडकली, मग शेजारची. एक दाणा उडून तात्याबाच्या धोतरावर आपटला आणि खाली पडला. त्यानं खाली पाहिलं. सगळीकडे दाणेच दाणे होते. म्हातारा गुडघ्यावर हात ठेवून चटकन वाकला आणि वेचायला लागला. बानूबाईनं त्याचं मनगट धरलं.

"उचलू नगंस, दादा."

"आगं, एवढं चांगलं बी मातीत..."

"मातीतच ऱ्हाऊ दे. गेल्या बारीला म्या उचललं आन् हिची खोट झाकली गेली. तुज्या रानात हिला आठ दिस उबी ठिवलीस तर हेच हुनार हाय."

तात्याबा बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग उठून म्हणाला, "मग आमी काय पेरायचं गं?"

तिनं त्याला भुंडी दाखवली. त्यानं शेंग हातात धरून दाबली, कानाशी हलवली. त्याचं मन काही बसेना. "हिला रूप न्हाय, पीक न्हाय."

"थोडं कमी देती. पन देती ती घरात आनून देती. मॅडम हिला पुढं धाडनार हायती. अजून दोन-तीन वरसं लागतील. तवर जे हाय त्येच पेर, आन् मशिनची वाट बगू नगंस, मानसं लावून काड."

पंधराव्या दिवशी मॅडमनी नोंदवहीत क्रमांक एकतीसपुढे रेघ मारली. थोडं बी त्यांनी शीतगृहात ठेवलंय. एवढ्या शेंगा धरणारा वाण पुढे कुणाची तरी आई म्हणून उपयोगी पडेल, असं त्या म्हणतात. पडेलही. त्यातून काही निघायला आणखी दहा पावसाळे लागतील, आणि बानूबाईला आताच कळीतला नर भाग नीट दिसत नाही.

पण मला राहून राहून आठवते ती त्या बाराव्या दिवसाची दुपार. तात्याबा निघाला. बानूबाई त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली, मी मागे होतो. जाताना त्यानं ते पोतं पुन्हा नीट घडी करून काखेत घेतलं आणि रस्त्याला लागला. एसटी येऊन तो बसेपर्यंत ती हलली नाही. परत आली तेव्हा पदर डोळ्यांना लावलेला होता, आणि तो लपवायचाही तिनं प्रयत्न केला नाही.

"माज्या दारात पोतं घिऊन आल्याला भाऊ रिकामा गेला, रामभाऊ," ती म्हणाली. "जल्मात पयल्यांदा. लई वाईट वाटतंय बगा." मग नाक पुसून वाफ्यांकडे वळता वळता म्हणाली, "पन रिकामा गेला. फसून न्हाय गेला."